आवडतं गाणं खाली का घसरतं?

पॉप-रॉकचे काही चाहते गाणी नुसती ऐकत नाहीत, त्यांचा हिशेबही ठेवतात. दर आठवड्याला ठरलेल्या वारी वही उघडायची, हल्ली संगणकावरचा तक्ता उघडायचा, आणि त्या आठवड्यात सर्वांत आवडलेली वीस किंवा चाळीस गाणी क्रमानं लिहायची. प्रत्येक गाण्यापुढे चार आकडे असतात: या आठवड्याचा क्रमांक, गेल्या आठवड्याचा क्रमांक, आजवर गाठलेला सर्वांत वरचा क्रमांक आणि यादीत काढलेले एकूण आठवडे. ही मांडणी 'बिलबोर्ड' या अमेरिकन नियतकालिकाच्या साप्ताहिक चार्टवरून उचललेली. फरक इतकाच की तिथे लाखो लोकांची आवड मोजलेली असते आणि इथे एकट्याची, तीही न मोजता. कोणी मत टाकत नाही, काही विकलं जात नाही. चाहत्याला तसं वाटतं म्हणून गाणं तिसरं असतं.

अशा वहीची पाच-सहा महिन्यांची पानं ओळीनं चाळली की एक गंमत ध्यानात येते. एखादं गाणं सतराव्या क्रमांकावर दाखल होतं. मग बारा, सात, चार, दोन, एक. दोन-तीन आठवडे तिथे टिकतं. मग दोन, चार, आठ, तेरा आणि यादीबाहेर. आलेख काढला तर छानशी टेकडी उभी राहते. बहुतेक गाण्यांची अशीच टेकडी असते, कुणाची उंच, कुणाची बुटकी. माणसाची आवड एवढी शिस्तीची असते का? एरवी सोमवारी डोक्यावर घेतलेलं गाणं गुरुवारी नकोसं होऊ शकतं. मग वहीत धक्के का दिसत नाहीत? याला लागूनच दुसरं कोडं आहे. चौथ्यावरचं गाणं सातव्यावर आलं की चाहत्याला कारण विचारा. तो बहुधा म्हणेल, 'गाणं मला तेवढंच आवडतं हो, पण या आठवड्यात सातवंच बसतंय.' आवड तेवढीच असेल तर घसरलं काय?

या लेखाचं म्हणणं असं की वहीतल्या बऱ्याचशा साप्ताहिक हालचालीचा आवडीशी थेट संबंध नसतो. क्रमवारी म्हणजे एकाच्या जागेवर दुसऱ्याचं भवितव्य टांगलेलं असणं, हे तिचं एक कारण. यादी लिहिताना गेल्या आठवड्याची यादी डोळ्यांसमोर असणं, हे दुसरं आणि जास्त जोरकस कारण. त्याचा सर्वांत चांगला पुरावा मात्र कुठल्याही चाहत्याच्या वहीत नाही. तो अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' चार्टच्या इतिहासात आहे, १९९१ सालच्या.

चौथ्या सीटचं गणित

आधी सोपं कारण. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस 'जरा सरका' म्हणत टेकतो. समजा, तो कडेला न टेकता खिडकीशी बसला, तर बाकीचे तिघं एकेक जागा सरकतील आणि कडेचा उठून उभा राहील. त्या कडेच्या माणसानं काहीच केलेलं नाही. तरी जागा त्याचीच गेली. क्रमवारीत दर आठवड्याला नेमकं हेच घडतं. दहा गाण्यांची यादी घ्या. या आठवड्यात दोन नवी गाणी आली, एक चौथ्या क्रमांकावर आणि एक आठव्या. जुन्या दहांबद्दल चाहत्याचं मत तसूभरही बदललेलं नाही, असं मानू. पहिली तीन जागेवर राहतील. जुनं चौथं पाचवं होईल, पाचवं सहावं, सहावं सातवं. आठवी जागा भरलेली असल्यामुळे जुनं सातवं एकदम नवव्यावर जाईल आणि आठवं दहाव्यावर. जुनी नववी-दहावी बाहेर पडतील. मत एकाचंही बदललं नाही, आणि तरी पाच गाणी घसरली, दोन गेली, सातव्याच्या खात्यावर तर दोन पायऱ्यांची घसरण लागली.

नवं गाणं न येताही असंच होतं. नवव्यावरच्या गाण्यानं एकदम दुसऱ्यावर उडी घेतली, तर दोनपासून आठपर्यंतची सात गाणी एकेक पायरी उतरतात. चढणारं एक, उतरणारी सात. म्हणून धावपळीच्या आठवड्यात खाली वळलेल्या बाणांची गर्दी दिसते आणि 'या आठवड्यात सगळीच गाणी पडली' असा समज होतो. खरं तर अशा आठवड्यात जे गाणं नुसतं जागेवर राहिलं, त्यानंच बाजी मारलेली असते. 'बिलबोर्ड'नं ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. ज्या गाण्याची विक्री किंवा वाजणं वाढतं आहे त्याच्या आकड्याशी एक खूण छापली जाते. तिला 'बुलेट' म्हणतात. गाणं बाराव्यावरून चौदाव्यावर उतरलं आणि तरी बुलेट राखून आहे, असंही होऊ शकतं. त्याचा अर्थ, त्याचे स्वतःचे गुण वाढले, पण शेजाऱ्यांचे जास्त वाढले. गुण आणि क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका खुणेनं सांगितलं जातं. चाहत्याच्या वहीत गुण कधी लिहिलेच जात नाहीत. फक्त क्रमांक उरतो.

कानाची सवय, कानाचा कंटाळा

गाणं आवडू लागणं आणि विटणं यांतूनही टेकडी तयार होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत पायाभूत मानले जातात. त्यांनी लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं आणि अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रं कमी-जास्त वेळा दाखवली. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त बरं वाटलं. कारण काही नाही. नुसती ओळख वाढली. नवं गाणं पहिल्या ऐकण्यात 'ठीक' वाटतं आणि पाचव्या ऐकण्यात गुणगुणलं जातं, त्यामागे हीच यंत्रणा. पण ओळख अमर्याद वाढली की गोडी उतरते. टोरांटो विद्यापीठात काम केलेले डॅनियल बर्लाइन यांनी याचा आलेख उपड्या वाडग्यासारखा मांडला: आधी चढ, मधे माथा, मग उतार. साध्या चालीचं गाणं माथ्यावर लवकर पोचतं आणि लवकर उतरतं. गुंतागुंतीचं गाणं दोन्हींसाठी वेळ घेतं. सहा-सात मिनिटांची, तीन वेळा वळणं घेणारी रॉक रचना वहीत उशिरा वर येते आणि चिवटपणे टिकते, याचं निम्मं स्पष्टीकरण इथे मिळतं.

पण निम्मंच. कानाचा हा चढ-उतार ऐकण्याच्या संख्येवर चालतो, कॅलेंडरवर नाही. एका आठवड्यात तेच गाणं तीस वेळा वाजतं, पुढच्या आठवड्यात प्रवासामुळे दोनदाच. मग आलेखही खडबडीत हवा. शिवाय मधल्या क्रमांकांवर माणसाची पारख फार कच्ची असते. पहिलं आणि विसावं यांतला फरक कोणीही सांगेल. अकरावं कोणतं आणि बारावं कोणतं, हे त्याच माणसाला दोन दिवसांनी विचारलं तर उत्तर बदलेल. दर आठवड्याला यादी खरोखर कोऱ्या मनानं लिहिली जात असती, तर मधली गाणी नऊ, पंधरा, अकरा, सतरा अशी नाचली असती. वहीत ती नऊ, दहा, बारा, तेरा अशी सोज्वळपणे उतरतात. म्हणजे मधे कोणीतरी इस्त्री फिरवतं आहे.

गेल्या आठवड्याचा आकडा

ती इस्त्री म्हणजे वहीचं मागचं पान. १९७४ मध्ये एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी एक गाजलेला प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वर थांबेल असं केलेलं होतं. मग प्रश्न विचारला: संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्राचा आणि प्रश्नाचा संबंध शून्य. तरी ज्यांना १० दिसला त्यांचा मधला अंदाज २५ निघाला आणि ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. समोर आलेल्या आकड्याशी मन खुंटा गाडतं आणि तिथून थोडंसंच सरकतं. चक्रावरचा बिनकामाचा आकडा एवढं करत असेल, तर 'गेला आठवडा: ९' हा स्वतःच लिहिलेला, अर्थपूर्ण आकडा किती ओढ लावेल? चाहता 'हे गाणं कितवं?' असा प्रश्न स्वतःला विचारतच नाही. तो विचारतो, 'नववं होतं, आता वर न्यायचं की खाली?' उत्तर साहजिकच आठ किंवा अकरा येतं, एकोणीस येत नाही.

त्यात अलिखित नियमांची भर पडते. नवं गाणं थेट पहिलं लिहायचं म्हणजे उतावळेपणा वाटतो, म्हणून त्याला पंधराव्यावर 'बसवतात'. दुसऱ्यावरचं गाणं एकदम सोळाव्यावर टाकणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरवतात. पहिला क्रमांक बरेच आठवडे एकाच गाण्याकडे राहिला तर वही लिहिण्यात मजा उरत नाही. मग दुसऱ्याला संधी मिळते. क्रमांक पुन्हा ऐकण्यावरही परिणाम करतो. पहिलं लिहिलेलं गाणं 'पहिलं' म्हणून अधिक वाजवलं जातं, वाजलं म्हणून अधिक ओळखीचं होतं. लोकांच्या बाबतीत हा फेरा मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये दाखवून दिला. चौदा हजारांहून जास्त लोकांना त्यांनी अपरिचित बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी किती वेळा गाणी उतरवून घेतली ते आकडे दिसत होते, काहींना नाही. जिथे आकडे दिसत होते तिथे यशस्वी गाणी जास्तच यशस्वी झाली, आणि कोणतं गाणं वर जाईल हे गटागटांत बदललं. वहीवाला चाहता हा असा एकट्याचा गट आहे; तो स्वतःचेच आकडे पाहून ऐकत असतो.

१९९१ सालचा हादरा

एवढ्यावर कोणी म्हणेल, हे सगळं तर्काचं बांधकाम झालं. मागचं पान समोर असल्यामुळेच टेकड्या होतात याला पुरावा काय? पुरावा शोधायचा तर अशी यादी हवी, जी आधी माणसांच्या अंदाजानं लिहिली जायची आणि मग एका ठरलेल्या दिवसापासून यंत्रानं मोजली जाऊ लागली. अशी यादी आहे: 'बिलबोर्ड'ची 'हॉट १००'. ती ४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाली. रिकी नेल्सनचं 'पुअर लिट्ल फूल' हे तिच्यातलं पहिलं अव्वल गाणं. पुढची तेहेतीस वर्षं ती कशी बनत होती, हे पाहण्यासारखं आहे. दुकानदार किती रेकॉर्ड खपल्या ते सांगत नसत. कोणत्या जास्त खपताहेत त्यांचा क्रम कळवत. रेडिओ केंद्रंही आपापली क्रमवार यादी पाठवत. म्हणजे देशभरचे शेकडो लोक, आपल्या मागच्या यादीची आठवण ठेवून, अंदाजानं नवी यादी लिहीत होते. त्यांच्याशी बोलायला रेकॉर्ड कंपन्यांची माणसंही येत. त्यांना नवी रेकॉर्ड वर आणि हलताना दिसायला हवी असे. वहीवाल्या चाहत्याची सगळी लक्षणं इथे घाऊक प्रमाणात होती.

आणि आलेखही तसेच होते. गाणी खालून शिरत, पायऱ्या चढत, माथ्यावर थोडं थांबत, उतरत. १९५८ ते १९९१ या काळात कोणतंही गाणं पहिल्या क्रमांकावर दहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं नाही. दहापर्यंत पोचली दोन: डेबी बूनचं 'यू लाइट अप माय लाइफ' (१९७७) आणि ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं 'फिजिकल' (१९८१-८२). १९७५ या एका वर्षात तीसहून जास्त गाणी अव्वल ठरली. सिंहासन जवळजवळ दर पंधरवड्याला रिकामं होत होतं.

३० नोव्हेंबर १९९१ च्या अंकापासून पद्धत बदलली. दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्रीची नोंद 'साउंडस्कॅन'कडे जाऊ लागली आणि रेडिओवर काय किती वेळा वाजलं हेही यंत्र टिपू लागलं. लोकांची आवड एका रात्रीत बदलली नव्हती. बदललं होतं ते लिहिणारं बोट. परिणाम वर्षभरात दिसला. बॉइज टू मेनचं 'एंड ऑफ द रोड' १९९२ मध्ये तेरा आठवडे अव्वल राहिलं. पाठोपाठ व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' चौदा आठवडे. १९९५-९६ मध्ये मराया कॅरी आणि बॉइज टू मेन यांचं 'वन स्वीट डे' सोळा आठवडे. तेहेतीस वर्षांत जे एकदाही झालं नाही ते पाच वर्षांत वारंवार झालं. २००२ साली वर्षभरात दहासुद्धा गाणी अव्वल झाली नाहीत. मतलब असा की दुकानदार आणि निवेदक ज्या गाण्याला 'आता पुरे' म्हणत होते, ते लोक अजून विकत घेत होते आणि ऐकत होते. यादी लिहिणाऱ्याचा कंटाळा ऐकणाऱ्याच्या कंटाळ्याच्या बराच आधी येतो.

दुसरा बदल प्रवेशाचा. १९५८ पासून 'हॉट १००'मध्ये एकही गाणं थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालं नव्हतं. २ सप्टेंबर १९९५ रोजी मायकेल जॅक्सनचं 'यू आर नॉट अलोन' तसं पहिल्यांदा झालं, आणि आता त्याचं कोणाला अप्रूप उरलेलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या 'मिडनाइट्स' अल्बममधल्या गाण्यांनी पहिले दहाच्या दहा क्रमांक एका आठवड्यात बळकावले. मोजलेल्या यादीत टेकड्या कमी आणि कडे जास्त. मराया कॅरीचं नाताळचं गाणं डिसेंबरात शिखरावर असतं आणि जानेवारीत यादीतून नाहीसं होतं. कोणताही चाहता आपल्या वहीत अव्वल गाण्याला अशी वागणूक देणार नाही.

रेडिओवर ढकलता येईल?

हा सगळा बदल मोजणीमुळेच झाला, या म्हणण्यावरचे आक्षेप रास्त आहेत. नव्वदच्या दशकात अमेरिकी रेडिओच बदलला होता, तीच ती गाणी जास्त वाजवू लागला होता. कंपन्या गाणं आधी आठवडेच्या आठवडे रेडिओवर वाजू देत आणि सिंगल मग दुकानात आणत, म्हणून वरून प्रवेश शक्य झाला. यात तथ्य आहे. मोजणी १९९१ ला आली आणि वरून प्रवेश १९९५ ला, हे अंतर तसं काही भरल्याशिवाय समजत नाही. पण सगळं श्रेय तिकडे देता येत नाही, कारण तुलनेला ब्रिटन हाताशी आहे. तिथल्या चार्टचा आधार पूर्वीपासून दुकानांतली विक्री हा होता, आणि १९८३ पासून ती दुकानांतल्या यंत्रांवर नोंदली जात होती. तिथे वरून प्रवेशही जुना: एल्व्हिस प्रेस्लीचं 'जेलहाउस रॉक' जानेवारी १९५८ मध्येच थेट पहिलं आलं होतं आणि स्लेड या बँडनं १९७३ या एका वर्षात तीन वेळा ते करून दाखवलं. त्याहून बोलकं उदाहरण ब्रायन ॲडम्सच्या 'एव्हरीथिंग आय डू'चं. १९९१ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतली पद्धत बदलण्याच्या काही महिने आधी, हे गाणं दोन्ही देशांत अव्वल होतं. विक्री मोजणाऱ्या ब्रिटनमध्ये ते सलग सोळा आठवडे टिकलं. अंदाजाच्या अमेरिकेत सात. देश वेगळे, रेडिओचा वाटा वेगळा, हे धरूनही अंतर मोठं आहे.

याचा अर्थ मोजलेली यादी म्हणजे निखळ सत्य, असाही नाही. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये एकाच वेळी अनेक चार्ट छापले जात. बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' त्यांतल्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'च्या आणि 'मेलडी मेकर'च्या यादीत पहिलं होतं आणि 'रेकॉर्ड रिटेलर'च्या यादीत दुसरं. पुढे अधिकृत इतिहास शेवटच्या यादीवर बेतला गेला, म्हणून बीटल्सच्या अव्वल गाण्यांच्या २००० सालच्या '१' या अल्बममध्ये ते गाणं नाही. नियम कोणाचा, यावर पहिला क्रमांक ठरतो.

चौकट: वहीतल्या चार खुणा
नवी नोंद: गाणं पहिल्यांदा यादीत. मागचा आकडा नसल्यामुळे हा निर्णय सर्वांत मोकळा.
पीक: गाठलेला सर्वांत वरचा क्रमांक. शेजारी कोण होतं यावर बराचसा अवलंबून; तगड्या महिन्यातला तिसरा हा मंद महिन्यातल्या पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो.
आठवडे: एकूण मुक्काम. यादी जितकी लांब तितका हा आकडा फुगतो.
री-एंट्री: बाहेर गेलेलं गाणं परत. क्वचित घडतं, म्हणून दखल घेण्याजोगं.

निरोप कधी द्यायचा

काही वहीवाले एक युक्ती करतात: ठरावीक आठवडे झाले की गाणं निवृत्त. त्याशिवाय जुनी लाडकी गाणी जागा सोडत नाहीत. यात त्यांची एकट्याची लहर नाही. 'हॉट १००'मध्ये वीस आठवडे झालेलं आणि पन्नासाव्याच्या खाली गेलेलं गाणं काढून टाकण्याचा नियम वर्षानुवर्षं चालला. ब्रिटनमध्ये एड शीरनच्या '÷' या अल्बममधली सोळा गाणी मार्च २०१७ मध्ये पहिल्या वीसमध्ये घुसली, तेव्हा अधिकृत कंपनी गडबडली आणि त्याच वर्षी दोन नियम आले. एका कलावंताची तीनच गाणी धरायची, हा एक. दुसरा जास्त मजेदार: गाणं दहा आठवडे जुनं झालं आणि सलग तीन आठवडे उतरत असेल, तर एका विक्रीबरोबर धरण्यासाठी दीडशेऐवजी तीनशे स्ट्रीम लागतील, असं तेव्हा ठरलं. म्हणजे मोजणीनं जो कंटाळा यादीतून हद्दपार केला होता, तो गुणाकाराच्या रूपानं परत बोलावला गेला. कारण न हलणारी यादी कोणी वाचत नाही, हे तिथल्याही लोकांना कळून चुकलं.

आपल्याकडे हा प्रश्न अमीन सयानी यांच्या 'बिनाका गीतमाले'नं आधीच सोडवला होता. ब्रिटनमधला पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ चा, पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन करून बनवलेला. रेडिओ सिलोनवरची गीतमाला सुरू झाली त्याच वर्षीच्या ३ डिसेंबरला. दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पत्रं यांवर तिथे पायदानं, म्हणजे क्रमांक, ठरू लागली, आणि ठरावीक मुक्काम पुरा केलेल्या गाण्याला 'सरताज गीत' म्हणून मानानं बाजूला केलं जाई. घसरवून अपमान करण्यापेक्षा सत्कार करून जागा मोकळी करणं, हा खास आपला मार्ग. बुधवारी रात्री वही घेऊन रेडिओपाशी बसणाऱ्या पिढीला क्रमांकांची ही भाषा शिकवावी लागली नव्हती.

मोजूनच का ठेवू नये?

मग चाहत्यानं अंदाज सोडून सरळ मोजावं, असा सल्ला सुचेल. सोयही आहे. 'लास्ट.एफएम'सारख्या सेवा २००२ पासून कोणतं गाणं किती वेळा वाजलं याची नोंद आपोआप ठेवतात, आणि आता तर बऱ्याच स्ट्रीमिंग कंपन्या वर्षाखेर हिशेब हातात ठेवतात. पण हा हिशेब पाहून बरेच लोक खट्टू होतात. व्यायाम करताना लावून दिलेली यादी, मुलाला झोपवायला लावलेलं गाणं, आपोआप पुढे वाजत राहिलेलं काहीतरी, हे सगळं त्यात शिरतं. वाजणं म्हणजे आवडणं नव्हे. एखादं गाणं इतकं जवळचं असतं की ते आठवड्यातून एकदाच, सवडीनं ऐकलं जातं. मोजणीत ते पन्नासावं येईल. अंदाजाच्या वहीत लिहिणाऱ्याचं मत आहे, पण ते मागच्या पानानं गुळगुळीत केलेलं. मोजणीच्या यादीत गुळगुळीतपणा नाही, पण मतही नाही. वहीचं काम सोडायला हे कारण पुरेसं नाही; वही वाचण्याची रीत मात्र बदलायला हवी.

मधल्या क्रमांकांवरच्या एक-दोन पायऱ्यांच्या हालचालीला फारसं महत्त्व देऊ नये. ती बहुतेक वेळा शेजाऱ्यांची ढकलाढकल असते. ज्या नोंदींपाशी ओढ लावणारा मागचा आकडा नव्हता, त्या आधी वाचाव्यात, म्हणजे नवी नोंद आणि री-एंट्री. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' बघा. ब्रिटनमध्ये १९७५-७६ ला नऊ आठवडे अव्वल, आणि १९९१ च्या नोव्हेंबरात त्याचं निधन झाल्यावर पुन्हा पाच आठवडे. अमेरिकेत ते १९७६ मध्ये नवव्यापर्यंत चढलं होतं. 'वेन्स वर्ल्ड' या चित्रपटामुळे १९९२ मध्ये दुसऱ्यापर्यंत गेलं, आणि फ्रेडीच्या बँडवरच्या चित्रपटामुळे २०१८ मध्ये पुन्हा यादीत आलं. एका गाण्याच्या तीन फेऱ्या, आणि प्रत्येकीमागे नाव घेता येईल असं कारण. चाहत्याच्या वहीतल्या री-एंट्रीलाही असंच कारण बहुधा सापडतं: कार्यक्रम, मृत्यू, चित्रपट, जुना मित्र. दहावरून अकरावर जाण्याला कारण शोधू पाहिलं तर बनवून सांगावं लागतं.

ज्याला खरोखर पारखायचं असेल त्यानं चार-सहा आठवड्यांतून एकदा मागचं पान झाकून यादी लिहावी आणि मग दोन्ही शेजारी ठेवावीत. वरची तीन-चार आणि अगदी तळची गाणी साधारण तिथेच सापडतील. मधली बरीच इकडची तिकडे झालेली असतील. त्या मधल्या पट्ट्यात इतके दिवस इस्त्री किती फिरत होती, त्याचं हे जवळजवळ थेट माप. आणि रोजच्या यादीसाठी 'बिलबोर्ड'ची बुलेट उसनी घ्यावी. क्रमांक लिहिण्याआधी प्रत्येक गाण्यापुढे एकाच प्रश्नाचं उत्तर टिंबानं द्यायचं: गेल्या आठवड्यापेक्षा हे जास्त भावलं का? मग क्रम लावायचा. आठ गाणी घसरलेली आणि त्यांतल्या पाचांपुढे टिंब असेल, तर त्या आठवड्यात आवड आटलेली नाही. नवी चांगली गाणी एकदम आलेली आहेत.